स्कूटरची वही

पोस्ट मोठी झालीय. सवडीने वाचा.

यंदा खंडेनवमीला नेहमीसारखा मामांच्या गॅरेजवर गेलो होतो. मामा म्हणजे आपल्या जुन्या स्टँडामागचे स्कूटर मिस्त्री. नाव लिहू नको म्हणालेत, म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरात कधी काळी गिअरची स्कूटर होती त्यांना सांगायची गरजही नाही. पाने, पक्कड, प्लगपाना, मॅग्नेट ओढायचा पुलर, फिलर गेज, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलेलं. पूर्वी हत्यारं रॉकेलनं धुवायचे, आता रॉकेल मिळत नाही, पेट्रोल परवडत नाही, म्हणून डिझेल. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले, नारळ फोडला. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि सहज म्हणाले, "पुढच्या वर्सी हितं येऊ नगंस. दिवाळी झाली की गाळा सोडतोय. मोबाईलवाला येतोय."

बेचाळीस वर्षं त्या गाळ्यात काढलेला माणूस. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, पेढा खाल्ला आणि घरी आलो. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तिच्यात आप्पांची वही आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. 1976 साली त्यांनी स्कूटरला नंबर लावला. माझा जन्म त्यानंतरचा. 1983 च्या दसऱ्याला स्कूटर दारात आली तेव्हा मी पहिलीत जायच्या वयाचा होतो. सात वर्षं. आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना वाटतं बापू थापा मारतोय. पण त्या काळी सात वर्षं म्हणजे नशीबच म्हणायचं, दहा-दहा वर्षं थांबलेले लोक आहेत.

स्कूटर आली त्या दिवसापासून आप्पांनी शंभर पानी वही घातली. पहिल्या पानावर 'श्री'. त्याखाली इंजिन नंबर, चासी नंबर. पुढे तारीख, किलोमीटरचा आकडा, काय काम केलं, मजुरी किती, सामान किती. प्लग साफ केला तरी नोंद. 2011 साली आप्पा गेले, त्याच्या दोन महिने आधीची शेवटची नोंद आहे, 'क्लच केबल बदलली. जुनी केबल डिकीत ठेवली आहे.' जुनी केबल का ठेवली? अर्ध्या वाटेत नवी तुटली तर बांधायला.

परवा रात्री ती वही वाचत बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. हा नुसता एका मास्तराच्या काटकसरीचा हिशोब नाही. एखादं यंत्र आपण चाळीस वर्षं जिवंत ठेवू शकलो ते कशामुळे, याचा तो पुरावा आहे. म्हणून हा इतिहास लिहायला घेतला.

सुरुवात आपल्याकडे होत नाही, इटलीत होते. दुसऱ्या महायुद्धात पिआजिओ कंपनी विमानं बनवायची. पोंतेदेरा गावातल्या तिच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्ध संपलं, विमानं कोणी घेईना, रस्ते खड्ड्यांचे आणि लोक कफल्लक. मालक एन्रिको पिआजिओला सामान्य माणसाला परवडेल असं वाहन हवं होतं. हे काम त्याने दिलं कोर्राडीनो दास्कानिओ या विमानाच्या इंजिनिअरला. या दास्कानिओला मोटारसायकल मुळीच आवडायची नाही. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, बसायला टांग टाकावी लागते आणि पंक्चर झालं तर चाक काढताना जीव जातो, ही त्याची तक्रार.

त्याने काय केलं बघा. साखळीच काढून टाकली, इंजिन थेट मागच्या चाकाशेजारी बसवलं. गिअर हातात दिला. इंजिनावर पत्र्याचं झाकण घातलं. आणि पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरण्याऐवजी विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. त्यामुळे चाक काढायला आस उपसावा लागत नाही, मोटारीसारखे नट सोडले की चाक हातात. 1946 च्या एप्रिलमध्ये याचं पेटंट दाखल झालं. ही व्हेस्पा.

म्हणजे रस्त्यात, एकट्याने, कपडे न मळता दुरुस्त करता यावी हा विचार या गाडीच्या आराखड्यातच होता. मागची स्टेपनी पुढे बसते, पुढचं चाक मागे बसतं. रिम दोन भागांची, नटांनी जोडलेली. हवा पूर्ण सोडायची, नट काढायचे, रिमचे दोन भाग वेगळे, ट्यूब बाहेर. (हवा न सोडता नट काढले तर रिम अंगावर येते. आमच्या शेजारच्या काकांच्या हनुवटीवर त्याची खूण होती.) आप्पांनी टायर खोलायला कधी दुसऱ्याकडे गाडी नेली नाही. अंगणात पोत्यावर बसून करायचे आणि नट गोळा करून वाटीत ठेवायचं काम माझं.

ही गाडी आपल्याकडे आली ती बजाजांमुळे. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं घराणं. त्यांच्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने 1948 पासून व्हेस्पा आयात करून विकायला सुरुवात केली. 1959 साली सरकारने इथे दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना दिला, पिआजिओशी तांत्रिक करार झाला आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. तिकडे मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लँब्रेटा बनवत होतीच.

आता परवाना म्हणजे काय, हे तरुण मित्रांसाठी सांगतो. वर्षाला किती गाड्या बनवायच्या ते कंपनी ठरवत नव्हती, दिल्लीतलं सरकार ठरवायचं. आणि बनवलेल्या गाड्या कोणाला द्यायच्या, यासाठी 1960 साली स्कूटरच्या वितरणाचा आणि विक्रीचा नियंत्रण आदेशच काढलेला. सरकारी नोकरांचा कोटा वेगळा. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर. म्हणजे आखातात भाऊ असेल तर तुमची चांदी. बाकीच्यांनी रांगेत राहायचं. नंबर लागला की ती स्कूटर 'ऑन' घेऊन विकणारेही होते. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे 'गाडीचा नंबर लावलाय का' असं विचारायचे, म्हणजे पोरगी लहान असतानाच बापाने नंबर लावून ठेवायचा.

आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. बजाजची पहिली एक लाख वाहनं पूर्ण व्हायला 1970 उजाडलं. म्हणजे परवाना मिळाल्यापासून अख्खं दशक. पुढे 1977 मध्ये एका वर्षात एक लाख वाहनं विकली गेली आणि 1986 मध्ये एका वर्षात पाच लाख. राहुल बजाज जाहीरपणे म्हणायचे की लोकांना हवी ती वस्तू परवान्यापेक्षा जास्त बनवली म्हणून तुरुंगात टाकणार असाल तर माझी तयारी आहे.

पिआजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला. 1972 मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. आणि 1975 मध्ये आपल्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली. राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज, दोघांची मिळून. तिथे 'प्रिया' बनायची. आप्पांची प्रिया तिथलीच. त्यामुळे आमच्या घरात ती कंपनीची गाडी नव्हतीच, 'सातारची गाडी' होती, जसे सातारचे कंदी पेढे.

(त्या कंपनीचं पुढे काय झालं हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. सरकारचा 27 टक्के हिस्सा बजाजांनी घ्यायचा कितीला, यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली आणि 2019 मध्ये एकदाचा तो व्यवहार झाला. स्कूटर केव्हाच थांबली. नंतर साताऱ्यात साचे आणि सुटे भाग बनू लागले, आणि कंपनीची खरी कमाई तिच्याकडे असलेल्या बजाजच्या शेअर्समधून होते. शेअर बाजारातले मित्र तिचं नाव आदराने घेतात. त्यांतल्या किती जणांनी प्रियाला किक मारलीय कोण जाणे.)

तर अशी ही गाडी. सात वर्षं वाट बघून मिळालेली, आणि ही मोडली तर दुसरी मिळायला पुन्हा सात वर्षं. मग माणूस तिला सांभाळणार नाही तर काय करणार?

वहीत पहिलं वर्ष वाचलं की हसू येतं. 'आज 40 च्या वर गेलो नाही.' 'आज पंढरपूरला जायचं रहित केले, रनिंग पूर्ण झाले नाही.' नवीन इंजिन पहिले काही किलोमीटर हळू चालवायचं असतं, पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना सरावतात. आप्पांनी ते अगदी व्रतासारखं पाळलेलं.

मग रोजचा सांभाळ. हे टू-स्ट्रोक इंजिन. त्याला तेलाची वेगळी टाकी नाही, वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. एक लिटर पेट्रोलला 20 मिलि ऑइल, म्हणजे दोन टक्के. पेट्रोल पंपावर ऑइलचं वेगळं हातपंपाचं यंत्र असायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन घासून जाम, जास्त पडलं तर प्लग काळा आणि मागे धुराचा लोट. आप्पा पंपावर उतरून ऑइलचं माप स्वतः बघायचे. पोऱ्या वैतागायचा.

इथेच एक गोम आहे, जी मला मामांनी शिकवली. पत्रकारितेचा डिप्लोमा करायला 2000 साली पुण्याला निघालो तेव्हा आप्पांनी स्कूटर मला दिली. मामांनी सगळी तपासून दिली आणि म्हणाले, "खंबाटकीच्या उतारावर ॲक्सिलेटर सोडून नुसता जाऊ नगंस. मधनंमधनं मूठ पिळत जा." का? तर मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. चाक मात्र इंजिनाला फिरवतंय. लांब उतारावर इंजिन कोरडं पडतं आणि धरतं. चढावर गाडी जपावी हे कोणालाही कळतं. उतारावर जपायची, हे माहीत असायला इंजिन आतून माहीत असावं लागतं. आणि मामा आठवी नापास.

प्लगचं सांगायलाच नको. ऑइलची काजळी प्लगच्या टोकात अडकली की ठिणगी बंद. रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी, साइड कव्हर काढलेलं, एक माणूस प्लग पॉलिश पेपरने घासतोय आणि बायको पदराने वारा घेत झाडाखाली उभी, हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही ते 1995 नंतर जन्मलेले. जाणारा-येणारा थांबायचा. विचारायचा, "पेट्रोल येतंय का? करंट बघितला का?" प्लग काढून वायरीला लावायचा, धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा, किक मारायची, निळी ठिणगी पडते का बघायचं. गावातल्या निम्म्या बाप्यांना हे येत होतं. किराणा दुकानदाराला येत होतं, तलाठ्याला येत होतं, भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला येत होतं.

गाडी आडवी करण्याचा प्रकारही तसाच. सकाळी सुरू होत नसली की स्कूटर आपल्या अंगावर वाकवायची, पाच-दहा सेकंद धरायची, सरळ करून किक. आमच्या गल्लीत सकाळी सात वाजता चार-पाच जण आपापल्या स्कूटरला असं कवेत घेऊन उभे असायचे. मामांचं म्हणणं, वाकवली की कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल जरा जास्त चढतं. काही म्हणायचे उगाच सवय. पण सुरू व्हायची, एवढं खरं.

याच्या वरचं काम मिस्त्रीचं. मॅग्नेटच्या आत पॉइंट असतात, त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत ठेवायची. वर्षातून एकदा हेड खोलून काजळी खरवडायची. सायलेन्सर भाजायचा. हे भाजणं म्हणजे मामांच्या गॅरेजमागचा सोहळा असायचा. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतून काजळीने कोंडतो, गाडी ओढत नाही. मग तो काढून जाळात टाकायचा, आतली काजळी पेट घ्यायची, काळा धूर निघायचा, लाल झाला की काठीने ठोकायचा आणि भसाभस खपल्या पडायच्या. शाळा सुटल्यावर आम्ही पोरं बघायला थांबायचो.

इंजिन फारच घासलं की सिलिंडर बोअरला जायचा. आपल्याकडून कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथे लेथवर सिलिंडर कातून थोडा मोठा करायचे आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचे. वहीत 1989 ला 'पहिला बोअर' आहे, 1997 ला 'दुसरा बोअर'. सुटं सामान पुण्याच्या नाना पेठेतून. एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी आणि पैसे द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुडकं हजर.

आता या सगळ्यातला माझ्या मते महत्त्वाचा मुद्दा. अर्थशास्त्राचे जाणकार त्या काळाला नावं ठेवतात, आणि बरोबरच ठेवतात. स्पर्धा नाही, म्हणून सुधारणा नाही. 1972 ची चेतक आणि 1990 ची चेतक शेजारी उभ्या केल्या तर मोठा फरक सापडत नाही. गिऱ्हाइकाचं त्यात नुकसान झालं. पण हाच साचलेपणा मामांच्या पथ्यावर पडला. 1983 साली पोऱ्या म्हणून गॅरेजात शिकलेली विद्या त्यांना वीस वर्षांनंतरही जशीच्या तशी कामाला आली. एका गाडीचा भाग दुसरीला चालायचा. जुन्या मेलेल्या स्कूटरची केबल, ब्रेक लायनर, किकचा दांडा पुढच्या तीन गाड्यांना पुरायचा. गावोगावच्या गॅरेजात कोणाच्याही परवानगीशिवाय ही विद्या पसरली. कंपनीने फार शिकवलं असं नाही. खोलून बघता येत होतं, म्हणून लोक शिकले. मामांच्या हाताखालून निघालेल्या पोरांची पाच गॅरेजं आज या तालुक्यात आहेत, हे मी मोजून सांगतोय.

पुढचा इतिहास भराभर झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात परदेशी कंपन्यांना सहकार्याची दारं उघडली. 1984 ला कायनेटिक होंडा आली, बटण दाबून सुरू होणारी, बिनगिअरची. 1985 ला हीरो होंडाची चार-स्ट्रोक मोटारसायकल आली. तिला पेट्रोलमध्ये ऑइल घालायची भानगड नाही आणि ॲव्हरेज तर स्कूटरवाल्याला लाजवणारं. 1989 ला दूरदर्शनवर बजाजची ती प्रसिद्ध जाहिरात लागली, घराघरांत लोक गुणगुणायला लागले, पण तेव्हा खरं तर उतार सुरू व्हायची वेळ जवळ आली होती. नव्वदीच्या अखेरीस मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. प्रदूषणाचे नियम आले. टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल थोडं न जळताच धुराड्यातून बाहेर जातं, ही तिच्या घडणीतलीच खोट आहे, ती पाना फिरवून जाणार नव्हती. मग ॲक्टिवा आली. 2009 च्या डिसेंबरात बजाजने स्कूटर बनवणं बंद करत असल्याचं सांगितलं. निर्णय राजीव बजाज यांचा. वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटलं हे लपवलं नाही.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट जुनं ते सोनं म्हणणाऱ्या काकांची होईल. ती स्कूटर पुरुषांची होती. माझ्या आईने सत्तावीस वर्षं मागच्या सीटवर आडवं बसून प्रवास केला. तिला चालवायला कोणी शिकवलं नाही, आणि ते एवढं जड धूड स्टँडवर चढवून किक मारणं साडीत जमण्यासारखंही नव्हतं. बिनगिअरची, बटणाची गाडी आली तेव्हा गावातल्या मास्तरणी, नर्सताई, कॉलेजच्या मुली स्वतःच्या स्वतः जायला लागल्या. तो बदल मोठा आहे. वर त्या धुराने आपण सगळ्यांनी खोकून काढलेले दिवसही आठवा. टू-स्ट्रोक गेली याचं मला दुःख नाही.

माझी तक्रार वेगळी आहे.

2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 नियम लागू झाले. बहुतेक स्कूटरचा कार्बोरेटर गेला, तिथे फ्युएल इंजेक्शन आलं, त्याच्यावर हुकूम चालवणारं इलेक्ट्रॉनिक डबडं आलं. बिघाड शोधायला आता नाक-कान नाही, स्कॅनर लागतो. मामांच्या पोरांपैकी दोघांनी कर्ज काढून स्कॅनर घेतलेत. तरीही काही कामं अशी आहेत की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय होत नाहीत.

आणि मग विजेची स्कूटर. दोन वर्षांपूर्वी बायकोसाठी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, मुद्दा एका कंपनीचा नाही. गाडी उत्तम चालते. आवाज नाही, धूर नाही, खर्च नगण्य. गेल्या पावसाळ्यात एक दिवस बंद पडली. पडद्यावर एक आकडा. टेम्पोत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी नेली. एकोणीस दिवस तिथे पडून होती. विचारलं की उत्तर एकच, "सर, वरून टीम बघतेय." एकोणिसाव्या दिवशी सुरू झाली. काय झालं होतं, हे मला कोणी सांगू शकलं नाही. मला वाटतं सर्व्हिस सेंटरच्या त्या पोरालाही माहीत नव्हतं.

मी मुद्दाम मामांना ती गाडी दाखवली होती. त्यांनी सीट उचलली, खाली वाकून बघितलं, मोटारीच्या चाकावर हात फिरवला. "चाक झ्याक धरलंय," म्हणाले. मग बॅटरीच्या पेटीवरचं सील बघितलं आणि हात मागे घेतला. "ह्यो उघडला तर वॉरंटी जाती न्हवं?" मी हो म्हटलं. त्यांनी सीट बंद केली.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात धरली. त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. कल्पना सरळ आहे. वस्तू मी विकत घेतली तर ती कशी दुरुस्त करायची त्याची माहिती, सुटे भाग आणि हत्यारं मला किंवा मला हव्या त्या कारागिराला मिळाली पाहिजेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आणि आपल्या तालुक्यातल्या एकाही गॅरेजवाल्याला ते पोर्टल आहे हे माहीत नव्हतं. मी अकरा जणांना विचारलं. विजेच्या गाड्यांचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये आलाय, पण त्यातून निघणाऱ्या पोराला कंपनीने आतलं काही उघडूच दिलं नाही तर तो स्वतःचं दुकान कशाच्या जिवावर टाकणार? नोकरी करेल, सील लावेल, आणि 'वरून टीम बघतेय' असं सांगेल.

परवान्याच्या काळात गाडी मिळायला सात वर्षं लागायची, पण मिळाली की ती आपली असायची. आज गाडी दुपारी ठरवली तर संध्याकाळी दारात येते. तिच्यातलं आपलं नक्की किती, हे मात्र बंद पडल्यावर कळतं. आमदार-खासदारांच्या सभांमध्ये रोजगारावर भाषणं होतात. येत्या निवडणुकीत कोणी दारात आलं तर मी हा प्रश्न विचारणार आहे, तुम्हीही विचारा. पाच गॅरेजं, प्रत्येकात दोन-तीन पोरं, एका तालुक्यात. जिल्ह्याचा, राज्याचा हिशोब तुम्ही करा.

योगायोग असा की 2019 च्या ऑक्टोबरमध्ये चेतक हे नाव विजेच्या गाडीवर परत आलं, आणि 2022 पासून आकुर्डीत, जिथे जुनी चेतक बनायची तिथेच, विजेच्या गाड्यांचा कारखाना चालू झालाय. राहुल बजाज त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले.

आप्पांची प्रिया अजून आमच्या पडवीत आहे. 2023 ला चाळीस वर्षं झाली तेव्हा रीपासिंग करून आणली. पूर्वी दुचाकीच्या नूतनीकरणाची फी तीनशे होती, एप्रिल 2022 पासून हजार झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. तिच्या धुराचा विचार करता तो कर मला मान्य आहे, म्हणून वर्षातून चार-पाच वेळाच काढतो.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मामा घरी आले. सोनं दिलं. मग पडवीत गेले, स्कूटरचं साइड कव्हर काढलं, प्लग काढला, शर्टाच्या खिशातून पॉलिश पेपर काढून घासला, फुंकर मारली, बसवला. पेट्रोलचा कॉक उघडला, स्कूटर अंगावर वाकवली. तिसऱ्या किकला सुरू झाली. माझा मुलगा, बारावीत आहे, मोबाईलवर शूटिंग करत होता. मामा त्याला म्हणाले, "त्ये ठेव खाली. ही मूठ धर."

मग त्यांनी मला वही मागितली. मी दिली. 2011 नंतर कोणी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी पेन मागितलं, तारीख घातली, किलोमीटरचा काटा बघितला. तो 2004 पासून बंद आहे, म्हणून तिथे रेघ मारली. पुढे लिहिलं, 'प्लग साफ. मजुरी नाही.'

सातारच्या कारखान्यात प्रिया बनवण्याचं काम केलेलं कोणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या आई-वडिलांनी केलं असेल, तर मला जरूर कळवा. नंबर लागल्याची जुनी पत्रं, पावत्या, फोटो घरात असतील तर टाकू नका. मी येऊन बघतो.